तंजावर किती दूर?

तंजावर महाराष्ट्रापासून किती दूर आहे, हा प्रश्न मराठी माणसाला निरनिराळ्या कारणांनी पडतो. व्यंकोजीराजे भोसले यांनी इ.स. १६७६ च्या सुमारास कावेरीच्या काठी राज्य स्थापिले आणि ते १८५५ पर्यंत या ना त्या रूपाने टिकले. त्या काळात तेथे गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आहेत आणि मोडी लिपीतील दप्तरे वाचणाऱ्यांची वाट पाहत आहेत. अभ्यासकाला तेथे जायचे असते. तेथील मराठी घराला कुलदैवताच्या दर्शनासाठी तुळजापूर-पंढरपूरकडे यायचे असते. त्यांतील जो तो नकाशा उघडतो, दोन विमानतळांची नावे लिहितो आणि क्षणात उत्तर मिळवतो : अमुक किलोमीटर, अमुक तास.

हे उत्तर खोटे नसते. तथापि प्रवास करणाऱ्याला त्याचा उपयोग फारच थोडा होतो, आणि विमानतळ कोठे बांधावा, कोणत्या मार्गावर सरकारी पैसा खर्चावा हे ठरवताना तर ते हमखास दिशाभूल करते. तंजावरच्या उदाहरणावरून ही गोष्ट चांगली उमजते. कारण तंजावरला धावपट्टी आहे, मागणी आहे, प्रसिद्ध मंदिरे आहेत, आणि तरीही २०२४ साल संपेपर्यंत तेथून नियमित प्रवासी विमान सुटू लागले नव्हते.

प्रथम अंतराचा विचार करू. कोल्हापूरच्या विमानतळापासून तंजावरच्या धावपट्टीपर्यंतचे सरळ अंतर सुमारे ८४० किलोमीटर भरते. त्रिचीचा, म्हणजे तिरुचिरापल्लीचा, विमानतळ धरला तर ते सुमारे ८१० होते. रस्त्याने बंगळुरूमार्गे जाणाऱ्यास मात्र हजार किलोमीटरच्या आसपास मजल मारावी लागते. ‘सरळ’ हा शब्द येथे नीट समजून घेतला पाहिजे. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पाठीवरची दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट ही एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले की ते अंतर गणिताने काढता येते. त्यासाठी कोणाला जमिनीवर पाऊल टाकावे लागत नाही. वैमानिक हे अंतर किलोमीटरांत मोजत नाहीत, सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ही संख्या अशी विचित्र का, तर अक्षांशाच्या एका अंशाचे साठ समान भाग केले असता त्यांतील एक भाग साधारण एवढा भरतो.

परंतु एक अंश जमिनीवर नेमका किती लांब, हे कोणीतरी कधीतरी प्रत्यक्ष मोजलेच असणार. दक्षिण हिंदुस्थानात ते मोजण्याचे काम विल्यम लॅम्ब्टन या अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासच्या सेंट थॉमस माउंट या टेकडीपासून आरंभिले. तेथे सुमारे बारा किलोमीटरांची एक सरळ रेषा साखळीने मोजण्यास त्याला जवळजवळ दोन महिने लागले. (आजचा चेन्नईचा विमानतळ याच टेकडीजवळ मीनंबाक्कम येथे आहे, हा योगायोग मोठा गमतीचा म्हटला पाहिजे.) एक बाजू मोजून झाली की पुढचे काम कोनांचे. उंच जागी कोनमापक यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, ठेवायचे. दूरच्या दोन खुणा पाहून कोन घ्यायचा. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो दक्षिणेकडे सरकला. डोंगराळ मुलखात उंच जागांची वाण नव्हती. कावेरीच्या खोऱ्यात मात्र सर्वत्र सपाट भातशेते आणि नारळी-ताडांची गर्दी. तेथे उंच असे एकच होते, ते म्हणजे देवळे.

१८०८ साली लॅम्ब्टनने आपले यंत्र तंजावरच्या मोठ्या देवळावर चढविण्याचे ठरविले. हे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. दोरखंड बांधून ते वर ओढत असता एक दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि कोन मोजण्याचे त्याचे मुख्य वर्तुळच वाकडे झाले. हिंदुस्थानात त्याच्या तोडीचे दुसरे यंत्र मिळणे कठीण. लॅम्ब्टन सुमारे दीड महिना त्याच्यापाशी बसला आणि वर्तुळ मूळच्या आकारावर येईपर्यंत त्याने ते हळूहळू ओढून सरळ केले. तंजावरच्या गादीवर त्या वेळी दुसरे सरफोजीराजे होते. आज संगणकावर बोट ठेवताच दिसणाऱ्या अंतराच्या आकड्यामागे पूर्वी अशी मेहनत असे. आणि तिचा एक अध्याय बृहदीश्वराच्या भिंतीपाशी घडला, हे तंजावरचे अंतर विचारणाऱ्याने जाणून असावे.

लॅम्ब्टनला सरळ रेषा हवी होती, कारण त्याला पृथ्वीचा आकार मोजायचा होता. प्रवाशाला पृथ्वीचा आकार मोजायचा नसतो. त्याला सकाळी घरातून निघून संध्याकाळी जेवायच्या वेळी पोहोचता येईल की नाही, एवढेच पाहायचे असते.

आता वेळेचा विचार. लहान शहरांच्या विमानतळांवर जी विमाने अधिक दिसतात, ती पंख्यांची, सत्तरएक आसनांची असतात. आकाशात स्थिरावल्यावर त्यांचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो. मोठ्या जेट विमानांचा तो ८०० च्या वर जातो. म्हणून पुष्कळांचा असा समज होतो की ३०० किलोमीटरांस पाऊण तासाहून कमी वेळ लागेल आणि ६०० किलोमीटरांस त्याच्या दुप्पट. प्रत्यक्षात तसे घडत नाही. वेळापत्रकात छापलेला वेळ हा केवळ उडण्याचा नसतो. विमानाच्या चाकांखालचे अडसर काढल्यापासून दुसऱ्या ठिकाणी ते पुन्हा लावेपर्यंतचा तो काळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, पुढच्या विमानाची वाट पाहणे, वर चढणे, खाली उतरताना वळसा घेणे हे सारे येते. ही कामे मार्ग लांब असो वा आखूड, जवळजवळ तेवढाच वेळ खातात. त्यामुळे चेन्नई ते त्रिची या सुमारे ३०० किलोमीटरांच्या मार्गास तास-सव्वा तास धरावा लागतो, आणि त्याच्या दुप्पट लांबीच्या मार्गास साधारण पावणेदोन तास पुरतात. अंतर दुप्पट झाले तरी वेळ केवळ दीडपट होतो. आखूड मार्गावर जेट विमानाचाही वेग कामास येत नाही. ते पुरेसे वर चढते न चढते तोच उतरण्याची वेळ येते.

याचा अर्थ असा की विमान हे वाहन लांब पल्ल्यावर जितके उपकारक, तितके जवळच्या पल्ल्यावर नाही. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे असे वाटते. परंतु लहान विमानतळांच्या मागण्या वाचल्या तर पहिली मागणी बहुधा राज्याच्या राजधानीला जोडणाऱ्या विमानाची असते, आणि राजधानी पुष्कळदा जवळच असते.

कोल्हापूरच्या एका काल्पनिक प्रवाशाचा हिशेब मांडून पाहू. त्याला तंजावरला सरस्वती महालात जायचे आहे. कोल्हापूरहून बंगळुरूचे विमान ज्या दिवशी असेल तो दिवस त्याने निवडला आहे. घरून उजळाईवाडीच्या विमानतळावर जाण्यास अर्धा तास. विमान सुटण्यापूर्वी सुमारे तासभर आधी सामान घेण्याची खिडकी बंद होते, म्हणून तो सव्वा तास अगोदर पोहोचतो. बंगळुरूपर्यंत दीड तास. तेथे पुढच्या विमानाची तीन तास प्रतीक्षा. बंगळुरू ते त्रिची सुमारे एक तास दहा मिनिटे. उतरून सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास, आणि त्रिची विमानतळाहून तंजावरपर्यंत पंचावन्न-साठ किलोमीटर रस्त्याने सव्वा तास. बेरीज नऊ तास दहा मिनिटे होते. त्यांपैकी विमानात बसून गेलेला वेळ दोन तास चाळीस मिनिटे, म्हणजे एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. उरलेले साडेसहा तास रस्त्यात, रांगेत आणि खुर्चीवर बसून जातात.

रेल्वेने हाच प्रवास दोन रात्रींचा आहे : एक रात्र बंगळुरूपर्यंत, दुसरी तेथून कावेरीच्या खोऱ्यापर्यंत. तेव्हा विमानाने वेळ वाचतो, यात शंका नाही. प्रश्न असा की तो आणखी वाचवायचा असेल तर कात्री कोठे लावावी? तंजावरलाच विमानतळ सुरू झाला आणि बंगळुरूहून तेथे थेट विमान गेले, तर शेवटचा सव्वा तास जाऊन वीस मिनिटे उरतील. पाऊण-एक तास वाचेल. त्यासाठी जमीन, इमारत, अग्निशमन दल, सुरक्षा कर्मचारी आणि विमान कंपनीला द्यावयाचे अनुदान एवढा खर्च येईल. बंगळुरूतील तीन तासांची प्रतीक्षा दीड तासावर आणली, तर त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ वाचेल, आणि त्यासाठी एक वीटही रचावी लागणार नाही. दोन वेळापत्रके समोरासमोर ठेवून एक विमान थोडे मागे-पुढे करावे लागेल. विमान कंपन्या हे कधी करतात, कधी करत नाहीत. त्यांची विमाने एका दिवसात अनेक शहरे फिरत असल्यामुळे एका गावासाठी वेळ बदलणे त्यांना सोपे नसते. तरीही सार्वजनिक चर्चेत विमानतळाच्या मागणीला जेवढी जागा मिळते, तिच्या शतांशही जागा वेळापत्रकाला मिळत नाही. पायाभरणीचा समारंभ करता येतो. वेळापत्रक जुळवल्याचा समारंभ कोणी करीत नाही.

तंजावरची धावपट्टी नवी नाही. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. पुढे ती हवाई दलाकडे राहिली. मे २०१३ मध्ये तेथे पूर्ण हवाई तळ सुरू झाला आणि जानेवारी २०२० मध्ये सुखोई लढाऊ विमानांची तुकडी दाखल झाली. मधल्या काळात, १९८१ साली स्थापन झालेल्या ‘वायुदूत’ या सरकारी कंपनीची लहान प्रवासी विमाने काही काळ चेन्नई-तंजावर अशी ये-जा करीत. ती सेवा टिकली नाही. स्वतः वायुदूतही १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. नंतर केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘उडान’ योजना जाहीर केली. लहान शहरांना जोडणाऱ्या मार्गांवर निम्म्या जागांचे भाडे मर्यादित ठेवायचे (आरंभी ही मर्यादा तासाभराच्या, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरांच्या प्रवासास अडीच हजार रुपये होती) आणि कंपनीची तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यायची, असे तिचे स्वरूप होते. या योजनेमुळे तंजावरच्या आशा पुन्हा पालवल्या. हवाई तळाला लागून नागरी प्रवाशांसाठी वेगळी इमारत बांधण्याची चर्चा अनेक वर्षे चालू आहे.

ही मागणी करणाऱ्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. बृहदीश्वर मंदिर १९८७ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. जवळच कुंभकोणम् आहे, पुढे नागूरचा दर्गा आणि वेळांकण्णीचे ख्रिस्ती तीर्थक्षेत्र आहे. नवग्रहांची मंदिरे याच प्रदेशात विखुरलेली आहेत. आजाऱ्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते, तेव्हा एक तासही मोलाचा असतो. धावपट्टी तयार असताना तिचा उपयोग केवळ लष्करानेच का करावा, असाही प्रश्न विचारला जातो. पुण्याकडे पाहिले तर तेथील लोहगावचा तळ हवाई दलाचाच आहे आणि तरीही तेथून रोज हजारो नागरिक प्रवास करतात. अर्थात अशा जोडसंसाराचे काच पुणेकरांनी सोसले आहेत : धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये तो विमानतळ पंधरवडाभर पूर्ण बंद ठेवावा लागला होता.

तथापि मागणी मान्य करण्यापूर्वी हिशेब घरापासून घरापर्यंत मांडला पाहिजे. तंजावर ते चेन्नई हाच मार्ग घेऊ. आज तंजावरचा माणूस त्रिचीला जाऊन विमान पकडतो. सव्वा तास रस्ता, सव्वा तास विमानतळावर, सुमारे एक तास पाच मिनिटे विमानात, आणि चेन्नईत उतरून शहरात पोहोचेपर्यंत दीड तास. एकूण पाच तासांच्या थोडे वर. तंजावरहून विमान सुटले तर हेच सुमारे चार तासांत होईल. वाचला तो एक तास. रात्रीची ‘उळवन’ एक्सप्रेस याच माणसाला सुमारे सात तासांत झोपेतच चेन्नईला नेऊन सोडते. दिवसा काम आणि रात्री प्रवास करणाऱ्याच्या दृष्टीने तिचा वेळ जवळजवळ शून्य आहे. वायुदूतच्या विमानांना या मार्गावर पुरेसे प्रवासी का लाभले नसतील, हे कळण्यास फार मोठ्या संशोधनाची गरज नाही.

नागपट्टिणमच्या माणसाचा हिशेब आणखी बोलका आहे. हे शहर तंजावरच्या पूर्वेस, समुद्रकाठी, ऐंशीएक किलोमीटरांवर आहे. चेन्नई त्याच्या उत्तरेस. चेन्नईला जाण्यासाठी त्याने तंजावरचा विमानतळ गाठायचा म्हणजे दोन तास उलट्या दिशेने, पश्चिमेकडे, जायचे. मग विमानतळावरचा वेळ, विमान आणि चेन्नईतील रस्ता. हे सारे मिळून पावणेसहा तास होतात. किनाऱ्याच्या रस्त्याने मोटारीतून तो जवळपास तेवढ्याच वेळात थेट घरी पोहोचला असता. त्याला तंजावर-चेन्नई विमानाचा काडीइतकाही लाभ नाही. परंतु त्यालाच बंगळुरूस किंवा हैदराबादेस जायचे असेल, तर चित्र पालटते. बंगळुरूची रेल्वे रात्रभर घेते. विमानाने तंजावरचा प्रवासी चार-सव्वाचार तासांत आणि नागपट्टिणमचा सहा तासांत बंगळुरूला पोहोचेल. हैदराबाद तर सरळ रेषेतही सातशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तेथे विमानाला आपला वेग दाखवण्यास वाव आहे.

तेव्हा तंजावरला विमान हवे की नको, असा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे. कोठे जाणारे विमान हवे, हे आधी ठरले पाहिजे. चेन्नईचे विमान मागणे हा अभिमानाचा विषय असू शकेल. उपयोगाच्या कसोटीवर ते उतरत नाही.

या बाबतीत कोल्हापूरचा अनुभव शिकण्यासारखा आहे. तंजावरच्या आणि कोल्हापूरच्या राजघराण्यांचे मूळ एकच, शहाजीराजांचा वंश. कोल्हापुरात राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली विमानतळ सुरू झाला; आज त्याला त्यांचेच नाव आहे. पुढे कितीतरी वर्षे तेथील सेवा सुरू होत आणि बंद पडत. ‘उडान’ योजनेत २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि हैदराबाद, बंगळुरू ही शहरे जोडली गेली. २०१९ मध्ये तिरुपतीचे विमान सुरू झाले. हा मार्ग कागदावर पाहणाऱ्यास थोडा विलक्षण वाटेल, कारण दोन्ही शहरे कोणत्याही राज्याची राजधानी नाहीत. परंतु करवीरच्या अंबाबाईचे आणि तिरुपतीच्या बालाजीचे नाते भाविकांच्या मनात जुने आहे, आणि दोन्ही गावांना जोडणारी हरिप्रिया एक्सप्रेस वीस तासांच्या आसपास घेते. विमान तेच अंतर दोन तासांच्या आत काटते. वृद्ध यात्रेकरूची एक रात्र गाडीत काढण्याची दगदग वाचते. माणसे आधीपासून जात होती, आणि अंतर विमानाला शोभेल एवढे होते. अशा ठिकाणी मार्ग रुजण्याची शक्यता अधिक असते. १० मार्च २०२४ रोजी कोल्हापूरच्या नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले.

सर्वच मार्गांचे असे झाले नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये या योजनेचे परीक्षण प्रसिद्ध केले. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग कंपन्यांना देण्यात आले होते. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच होऊ शकले नाही. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी केवळ ११२ मार्गांनी अनुदानाची तीन वर्षे पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यानंतरही चालू राहिलेले मार्ग अवघे ५४ होते. म्हणजे नकाशावर काढलेल्या शंभर रेघांपैकी सातच रेघा स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. या आकड्यांवरून संपूर्ण योजना व्यर्थ ठरते असे नाही. मध्येच महामारीची वर्षे आली, विमाने मिळेनात, काही विमानतळ वेळेवर तयार झाले नाहीत. तरीपण आकडे एवढे मोठे आहेत की कारणांची यादी देऊन त्यांची बोळवण करता येत नाही. बंद पडलेल्या मार्गामुळे होणारा तोटा केवळ पैशांचा नसतो. विमान येणार म्हणून कोणी हॉटेल बांधतो, कोणी कर्ज काढून टॅक्सी घेतो, कोणी मुलीला दूरच्या महाविद्यालयात घालतो. मग एके दिवशी विमान येईनासे होते.

तंजावरच्या बाबतीत अशी चूक टाळणे शक्य आहे, कारण तेथे पर्याय जवळ आहे. त्रिचीचा विमानतळ आंतरराष्ट्रीय आहे. २ जानेवारी २०२४ रोजी त्याच्या नव्या विस्तीर्ण इमारतीचे उद्घाटन झाले. कावेरीच्या खोऱ्यातील पुष्कळ कुटुंबांतील माणसे सिंगापूर, मलेशिया आणि आखाती देशांत कामासाठी जातात आणि त्यांचा मार्ग त्रिचीवरूनच आहे. त्यांच्यासाठी आकाशातील रस्ता तयार झालेला आहे. अडचण जमिनीवरच्या पंचावन्न-साठ किलोमीटरांची आहे. नागरी इमारतीसाठी ठेवलेल्या पैशांतील अगदी लहानसा वाटा या तुकड्यावर खर्च केला आणि विमानांच्या वेळा पाहून सुटणारी बस त्रिची विमानतळ ते तंजावर, पुढे कुंभकोणम् अशी चालविली, तर लाभ उद्यापासून मिळू लागेल. ही बस अर्धी रिकामी गेली तरी तिचा तोटा रिकाम्या विमानाच्या तोट्यापुढे नगण्य असेल. आणि मागणी किती, कोणत्या दिशेची, कोणत्या महिन्यातली, याची खरी नोंद त्या बसच्या तिकिटांतून मिळेल. पुढे बंगळुरू-हैदराबादच्या विमानाचा निर्णय घेताना हीच नोंद सर्वांत विश्वासार्ह ठरेल.

परदेशातून येणारी विमाने पुष्कळदा अवेळी उतरतात. दोन वर्षांनी घरी परतणारा कामगार हातात खोका आणि मुलांसाठी घेतलेली खेळणी घेऊन पहाटे बाहेर येतो, तेव्हा पहिल्या बसला अवकाश असतो. तो टॅक्सीवाल्याशी भाड्याची घासाघीस करतो, किंवा गावाकडून भाड्याने गाडी घेऊन आलेल्या भावाबरोबर निघतो. ती गाडी आदल्या रात्रीच येऊन थांबलेली असते, आणि तिचे दोन्ही बाजूंचे भाडे त्यालाच द्यायचे असते.